भोपाळच्या बेगमा आणि त्यांचा रुपया

1819 साली भोपाळचे नवाब नजर मुहम्मद खान अचानक वारले आणि त्यांच्या तरुण पत्नी कुदसिया बेगम यांनी तान्ह्या मुलीच्या नावाने कारभार हाती घेतला. पुढे तीच मुलगी सिकंदर, मग शाहजहान आणि सुलतान जहान या बेगमा आल्या. मधली काही वर्षे सोडली, तर 1926 पर्यंत या संस्थानाची सूत्रे बायकांच्याच हाती राहिली. पण कुदसिया बेगम यांच्या काळातला चांदीचा रुपया पाहिला, तर त्यावर नाव दिसते दिल्लीचा मोगल बादशहा दुसरा अकबरशहा याचे.

यावरून बेगमांची सत्ता नावापुरतीच होती, असा निष्कर्ष काढणे मला साफ चुकीचे वाटते. शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनात, आणि नाण्यावर नाव असणे ही मुसलमानी राजवटीत सार्वभौमत्वाची खूण. नूरजहानचे नाव मोगल रुपयावर आले तेही जहांगीर बादशहाच्या हुकुमाने. अठराव्या शतकात दिल्लीची ताकद संपली, तरी बादशहाच्या नावाची पत बाजारात टिकून होती. म्हणून शिंदे, होळकर, भोपाळचे नवाब, सगळेच त्या नावाने रुपये पाडत. अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरी रुपयावर शिवलिंग आणि बेलपान आहे, आणि शाहआलमचे नावही आहे. बाई असो वा पुरुष, रिवाज एकच होता.

त्यातही भोपाळची स्थिती नाजूक होती. 1812-13 मध्ये नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांनी शहराला वेढा घातला होता. पुढे 1818 च्या तहाने संस्थान इंग्रजांच्या छत्राखाली गेले. त्यानंतर राज्याची घडी बसवली ती सिकंदर बेगम यांनी. त्यांनी तीस लाखांचे कर्ज फेडले, महसुलासाठी राज्याचे तीन जिल्हे केले, टपाल, न्यायालये आणि टांकसाळ मार्गी लावली. 1857 मध्ये त्या इंग्रजांच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि 1860 साली त्यांना स्वतःच्या हक्काने राज्यकर्ती म्हणून मान्यता मिळाली.

नाणी जमवणाऱ्याने इथे हिजरी सालाकडे नीट पाहावे. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे अर्धा मजकूर कडेबाहेर जातो आणि नेमके सालच तुटते. शाहजहान बेगम 1868 साली, म्हणजे हिजरी 1285 मध्ये, गादीवर आल्या. रुपया त्यांच्या काळातला की आधीचा, हे सालावरून कळते. साल शाबूत असलेला रुपया म्हणूनच मोलाचा.

भोपाळी रुपया संपला तो चांदीच्या भावामुळे. 1893 मध्ये इंग्रज सरकारने आपल्या टांकसाळीत लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले. त्यामुळे कलदार, म्हणजे इंग्रजी, रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा वर राहिली, आणि संस्थानी रुपया मात्र घसरत्या चांदीबरोबर खाली जाऊ लागला. सराफाचा बट्टा, म्हणजे नाणे बदलताना होणारी कपात, वाढला आणि बाहेरच्या मुलखाशी व्यवहार करणारा व्यापारी अडचणीत आला. अखेर 1897 साली भोपाळने स्वतःचा रुपया सोडून इंग्रजी रुपया स्वीकारला.

1901 साली गादीवर आलेल्या सुलतान जहान बेगम यांनी पंचवीस वर्षे राज्य केले, मुलींच्या शाळा काढल्या, अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे पहिले कुलपतिपद भूषवले. त्यांच्या नावाचा रुपया मात्र शोधू नये. त्यांच्या राज्यात चालला तो आधी एडवर्डचा आणि मग पाचव्या जॉर्जचा.