कापडाची पाठ आणि गोधडीतले रंग

गोधडीचे तुकडे कापायला घेतले की छापील, ठसठशीत बाजू वर आणि फिकी बाजू आत, हे हातालाच ठाऊक असतं. ही सवय थोडी सैल करावी, असं मला मनापासून वाटतं. गुलाबी प्रिंटला शोभेल असा फिका गुलाबी शोधत दुकानं पालथी घातली, तरी एकात निळसर झाक निघते, दुसऱ्यात पिवळसर. नेमकी जुळणारी फिकी छटा त्याच कापडाच्या पाठीवर असते आणि तिचे पैसे आपण आधीच मोजलेले असतात. फक्त कुठल्या कापडाची पाठ काय देईल हे ओळखता यायला हवं. ते मुख्यतः ठरतं रंग धाग्यापर्यंत कसा पोचला यावर.

छापील सुती कापडाचंच बघा. छपाईचा रंग पाण्यासारखा पातळ असला तर तो सुतात पसरेल आणि फुलांच्या कडा फिसकटतील. म्हणून त्यात दाटपणा आणणारा पदार्थ मिसळतात. १९५६ साली बाजारात आलेल्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांसाठी हा पदार्थ बहुतेकदा सोडियम अल्जिनेट असतो, समुद्री शेवाळापासून काढलेला. हे रंग सुतातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतात. स्टार्च वापरला तर रंग त्याच्याशीच बांधला जातो. अल्जिनेटशी मात्र तो फारसा जोडला जात नाही. असा दाट रंग कापडावर दाबला की वरच्या थरात मुरतो, पलीकडे थोडाच पोचतो. पिगमेंट प्रिंटमध्ये तर रंगाचे कण तंतूत शिरतच नाहीत. चिकट द्रव्याच्या पातळ पापुद्र्यानं त्यांना वरच धरून ठेवलेलं असतं.

पण पाठ फिकी दिसायला प्रकाशही तितकाच कारणीभूत असतो. कापसाचा तंतू जाडीला मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा किंवा त्याहून बारीक, आणि तंतूंच्या मधे हवा. तंतू आणि हवेच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश वळतो, विखुरतो. मागून पडलेला बराचसा प्रकाश रंगीत थरापर्यंत न पोचताच परत फिरतो आणि डोळ्याला रंगात पांढरं मिसळल्यासारखं दिसतं. फिक्या बाजूवर ओलं बोट टेकवा. तेवढ्या ठिपक्यात पलीकडचं फूल उमटून येईल. सुताचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, सुमारे १.५५, हवेचा १ आणि पाण्याचा १.३३. तंतूंमधल्या फटींत हवेऐवजी पाणी भरलं की दोघांतला फरक घटतो, विखुरणं कमी होतं आणि प्रकाश खोलवर जाऊन रंग घेऊन परततो. वाळलं की पुन्हा फिकं. छटा निवडायची तर कापड पूर्ण वाळलेलं असावं, ते याचसाठी.

कापड नेमकं कसलं, हे एक धागा सांगतो. सुईनं कडेचा धागा उसवून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि भिंगाखाली हळूहळू फिरवा. छापील कापडाच्या धाग्याची एक कूस रंगीत, दुसरी पांढुरकी निघते. आणि जिथे तो आडव्या धाग्याखाली दबला होता तिथे रंगात खंड पडलेला दिसतो. विणण्याआधीच सूत रंगवलेलं असेल, जसं चौकड्याच्या लुगड्यात असतं, तर धागा सगळ्या बाजूंनी सारखा. अशा साध्या विणीच्या कापडाला पाठ आणि पोट असं काही नसतंच. डेनिमचा निळा धागा मात्र आडवा कापून पाहावा: बाहेर निळं कडं, आत पांढरा गाभा. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिचं आधी विरघळणारं, पिवळसर हिरवट रूप करून त्यात सूत बुडवतात. बाहेर काढल्यावर हवेतल्या ऑक्सिजननं ती पुन्हा निळी होते. या छोट्या छोट्या बुडव्यांत ती आतपर्यंत पोचत नाही.

डेनिमच्या दोन बाजू वेगळ्या दिसतात त्या मात्र विणीमुळे. निळा ताणा, म्हणजे उभा धागा, तीन पांढऱ्या बाण्यांवरून, म्हणजे आडव्या धाग्यांवरून जातो, मग एकाखालून. त्यामुळे समोर निळा जास्त, मागे पांढरा जास्त, आणि पाठीवरच्या तिरक्या रेघाही विरुद्ध दिशेला झुकतात. साटीनमध्ये धागा निदान चार धाग्यांवरून लांब पसरतो म्हणून चमकतो; पाठ निस्तेज असते. गोधडीत मला ती निस्तेज पाठच बरी वाटते, शेजारच्या सुती तुकड्यांना ती झाकोळत नाही. जरीच्या किंवा जादा धाग्यांच्या नक्षीची पाठ मात्र वर घेऊ नये. तिथे मोकळे धागे लोंबतात आणि पायातली जोडवी त्यात अडकतात.

जुन्या कापडात हा सगळा हिशेब उलटतो. रंगाच्या रेणूनं प्रकाश शोषला की तो उत्तेजित होतो, ऑक्सिजन आणि ओलाव्याच्या साथीनं त्याचे बंध तुटतात आणि त्याला रंग उरत नाही. हा मार समोरचा थर झेलतो, मागच्याला त्याची सावली मिळते. म्हणून वर्षानुवर्षं उन्हात वाळलेल्या चौकड्याच्या लुगड्याची पाठ समोरच्या बाजूपेक्षा गडद निघू शकते. घरात कपडे उलटे करून वाळत घालायची शिस्त असेल तर नेमकं याच्या विरुद्ध. संग्रहालयांत जुनी वस्त्रं साधारण ५० लक्सच्या मंद उजेडात ठेवतात, तेही याच कारणानं.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतात वापरून झिजलेल्या जीन्सच्या गोधड्या शिवल्या. त्यांतल्या काहींत खिसा उसवलेल्या जागी गडद निळे चौकोन तसेच ठेवलेले दिसतात. खिशाखाली ऊन पोचलं नव्हतं, तिथे मूळची नीळ टिकून राहिली. या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि जगभर नावाजल्या गेल्या. मला त्यांतले ते चौकोन फार मोलाचे वाटतात. कापड किती उन्हात राबलं याचं मोजमाप तिथे शेजारी शेजारी मिळतं.

एक धोका लक्षात ठेवावा. रंगाचा थर जितका विरळ, तितका तो सहसा लवकर उडतो. छापील कापडाची फिकी पाठ वर घेतलीत तर ती समोरच्या बाजूआधी पांढरी पडेल. तेव्हा अशी गोधडी उन्हं दाखवायला टाकताना ती बाजू खाली राहू द्या.

पाठीचा आणखी एक उपयोग भूमितीचा आहे. चौकोन किंवा समद्विभुज त्रिकोण पालथा घातला तरी तसाच बसतो. लांब-आखूड बाजूंचा तिरका समांतरभुज चौकोन मात्र पालथा घातल्यावर स्वतःचं आरशातलं रूप होतो, आणि कितीही गोल फिरवला तरी पुन्हा मूळ जागी बसत नाही. अशा तुकड्यांच्या चांदणीच्या नक्षीत डावे आणि उजवे दोन्ही लागतात. दोन्ही बाजू सारख्या असलेलं कापड असेल तर सगळे एकाच साच्यानं कापून निम्मे पालथे करता येतात. छापील कापडात तसं केलं की चांदणीचं एकाआड एक टोक फिकं येतं. तेच हवं असेल तर उत्तम. नको असेल तर कापड घडी घालून, सुलट्यावर सुलटं ठेवून कापा, दोन्ही प्रकारचे तुकडे एकाच कापात मिळतात.

आणि कापल्या कापल्या, जी बाजू आत जाणार तिच्यावर खडूनं फुली मारून ठेवा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात फिक्या प्रिंटच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, आणि चूक कळते ती धावदोरा घालून झाल्यावर.