बेटांचं दार एकच असतं

नोव्हेंबर १९१८ मध्ये 'टालून' ही बोट न्यूझीलंडहून पश्चिम सामोआतल्या आपिया बंदराला लागली. बोटीवर फ्लूचे रोगी होते, तरी कुणी अडवलं नाही. त्यानंतर तिथली साडेआठ हजारांच्या आसपास माणसं गेली, म्हणजे दर पाचांत एकाहून जास्त. समुद्राच्या एका पट्ट्यापलीकडे अमेरिकन सामोआ आहे. तिथले गव्हर्नर जॉन पॉयर यांनी बाहेरून येणाऱ्यांवर कडक विलगीकरण लादलं आणि त्या साथीत तिथं एकही माणूस दगावला नाही.

साथीच्या अभ्यासकांना बेटांचं आकर्षण वाटतं ते यासाठी. रोग कधी आला, कुणाबरोबर आला, हे तिथं नेमकं सांगता येतं. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकातल्या फेरो बेटांवर गोवर आला, तेव्हा पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टराने गावोगाव फिरून नोंदी केल्या. पावणेआठ हजारांच्या वस्तीत सहा हजारांना गोवर झाला. पण १७८१ च्या साथीत ज्यांना तो होऊन गेला होता, त्या म्हाताऱ्यांना पुन्हा झाला नाही. मधली ६५ वर्षं बेटांवर गोवर नव्हताच. एवढ्या लहान वस्तीत विषाणूला नवी माणसं पुरत नाहीत, तो आपोआप विझतो. गोवर कायम टिकून राहायला काही लाखांची वस्ती लागते. त्यामुळे छोट्या बेटावर असा रोग दर वेळी बाहेरूनच येतो, आणि दार वेळेवर लावलं तर येत नाही.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत अडचण झाली ती इथंच. १९१८ चं सामोआ रानातलं आणि समुद्रातलं खाऊन दिवस काढू शकत होतं. आजच्या पर्यटनाच्या बेटांवर विषाणू ज्या दाराने येतो, त्याच दाराने पगार येतो, आणि पुष्कळदा तांदूळ-पीठसुद्धा.

मालदीवचं बघा. स्वतःची वस्ती पाच लाखांच्या आसपास, आणि २०१९ मध्ये आलेले पर्यटक १७ लाख. ७ मार्च २०२० रोजी पहिले रुग्ण सापडले तेही एका रिसॉर्टवर. मार्चअखेर पर्यटकांना बंदी झाली आणि वर्षभरात अर्थव्यवस्था जवळजवळ एक तृतीयांशाने आकसली. शेतीला जमीन नाही, बहुतेक अन्न आयातीचं. पण याच मालदीवने १५ जुलैला दार पुन्हा उघडलंसुद्धा. कारण तिथली जुनी रचना: एका बेटावर एकच रिसॉर्ट. पाहुणा विमानतळावरून थेट बोटीत, बोटीतून रिसॉर्टवर. गावाशी संबंध जवळजवळ नाही. एरवी या रचनेवर टीका व्हायची, की पैसा स्थानिकांपर्यंत झिरपत नाही. साथीत तीच रचना तयार विलगीकरण कक्ष ठरली. आपल्याकडचे लोक तेव्हा इतके तिकडे गेले की २०२१ मध्ये मालदीवला सर्वाधिक पर्यटक भारताने पाठवले. राजधानी मालेत मात्र दाटीवाटीच्या खोल्यांत राहणाऱ्या बांगलादेशी मजुरांना पहिल्या लाटेने गाठलं. ज्यांच्या हातांनी रिसॉर्टं बांधली, त्यांना अंतर राखायला खोलीत जागा नव्हती.

फिजीची गोष्ट उलटी. तिथं सीमा डिसेंबर २०२१ पर्यंत पर्यटकांना बंद राहिल्या आणि २०२० मध्ये अर्थव्यवस्था १७ टक्क्यांच्या आसपास घसरली. पण फिजीला परसदार आहे. बहुतांश जमीन मूळ रहिवाशांच्या कुळांच्या सामायिक मालकीची, त्यामुळे हॉटेलातून घरी बसलेला माणूस गावी जाऊन कंदमुळं लावू शकला, मासे धरू शकला. रोख पैसा आटला तेव्हा फेसबुकवर चक्क वस्तुविनिमय सुरू झाला. बालीत २०१९ मध्ये ६० लाखांवर परदेशी पर्यटक आले होते, २०२१ च्या अख्ख्या वर्षात पन्नासच्या आसपास. छापताना शून्यं गळालेली नाहीत. शेजारच्या नुसा पेनिडा, लेंबोंगान या बेटांवर लोक सोडून दिलेल्या समुद्रशेवाळाच्या शेतीकडे परत वळले.

आता साताऱ्याकडे येऊ. महाबळेश्वर-पाचगणी बेट नाही, पण वर चढायला पसरणी, केळघर, आंबेनळी असे मोजकेच घाट, आणि उन्हाळ्याच्या सीझनवर वर्ष काढायची रीत. टाळेबंदी लागली ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, सीझन तोंडावर असताना आणि स्ट्रॉबेरी अजून शेतात असताना. पिकलेली स्ट्रॉबेरी थंडाव्याशिवाय दोन-तीन दिवसही धड राहत नाही. खाणारा पर्यटक नाही, हॉटेलं बंद, गाड्या अडकलेल्या. सातारा जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ती गुरांपुढे टाकल्याच्या बातम्या तेव्हा देशभर छापून आल्या. हॉटेलाचा दिवा विझवता येतो, घोड्याचं पोट बंद करता येत नाही. वेण्णा तलावावरच्या आणि टेबललँडवरच्या घोडेवाल्यांना कमाई शून्य झाली तरी भुसा-हरभरा घालावाच लागत होता.

परसदार आपल्याकडेही होतं, पण गर्दी उलट्या बाजूने झाली. जावळी, पाटणच्या डोंगरातली पुष्कळ घरं मुंबईच्या पगारावर चालतात. माथाडी असो, गिरणीची जुनी पिढी असो. फिजीचा वेटर गावी गेला तो पिकवायला. आपला मुंबईकर गावी आला तेव्हा गावाला दरमहा येणारे पैसेच थांबले, आणि वर खाणारी तोंडं वाढली. सख्ख्या भावाला झेडपीच्या शाळेत चौदा दिवस बसवून बाहेरून डबा द्यायची वेळ आली. या दुराव्याचा हिशेब कुठल्याच जीडीपीत येत नाही. तो काही घरांत अजून फिटलेला नाही.

त्या काळात 'निसर्गाने मोकळा श्वास घेतला' असे मेसेज फार फिरले. हवाईच्या हनौमा खाडीत माणसं नसताना पाणी खरोखरच नितळ झालं, तेवढं खरं. पण सेशेल्समध्ये अल्डाब्रा बेटावरच्या लाखभर महाकाय कासवांच्या राखणीचा मोठा खर्च निघतो तो दूरच्या प्रालँ बेटावरच्या 'व्हाले द मे' या जंगलाच्या तिकिटांतून. तिकिटं थांबली की राखणीचा पैसाही थांबतो. कास पठाराचा कारभार याच धर्तीचा आहे. फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क घ्यायचं, त्यातून आसपासच्या गावांतल्या पोरांना राखणीची मजुरी द्यायची, प्लॅस्टिक वेचायचं. हंगाम बुडाला तर ही मजुरी कुठून द्यायची, हे आधी ठरलेलं हवं. दर हंगामाच्या शुल्कातला ठरावीक हिस्सा बाजूला ठेवून निदान एका हंगामाची मजुरी बँकेत राहील एवढी तजवीज पठाराचा कारभार पाहणाऱ्या समित्यांनी करावी, आणि ती रक्कम रस्ते-कमानींवर खर्च करायला मनाई असावी.