प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन: ५ मिलिग्रॅम विरुद्ध पाऊण मिलिग्रॅम

प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन ही दोन्ही दाह कमी करणारी स्टिरॉइड औषधे. त्यांची कहाणी कॉर्टिसोन या आधीच्या स्टिरॉइडपासून सुरू होते. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला रोज १०० मिलिग्रॅम कॉर्टिसोन टोचायला सुरुवात केली. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच आणि या संप्रेरकांवर काम करणारे रसायनशास्त्रज्ञ केंडल व राइखश्टाइन यांना नोबेल मिळाले. पण तोवर या औषधाची दुसरी बाजूही दिसू लागली होती. शरीरात मीठ-पाणी साठे, अंगावर सूज येई, रक्तदाब चढे.

पुढची सगळी धडपड आजाराचा दाह उतरवायचा, पण मीठ साठू द्यायचे नाही, यासाठी होती. १९५५ मध्ये आलेल्या प्रेडनिसोलोनमध्ये रेणूच्या पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध आहे, आणि तो घालण्याचे काम जिवाणूंकडून करून घेतले गेले. एवढ्याशा बदलाने ताकद हायड्रोकॉर्टिसोनच्या (शरीरात तयार होणाऱ्या स्टिरॉइडच्या) चौपट झाली, मीठ धरण्याची खोड मात्र वाढली नाही. मग नवव्या कार्बनवर फ्लोरिन बसवून पाहिले, तर ताकदीबरोबर मीठही बेसुमार साठू लागले. सोळाव्या कार्बनवर मिथाइल गट जोडल्यावर ते आटोक्यात आले. हे दोन्ही बदल असलेले डेक्सामेथासोन १९५८ मध्ये आले.

५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे साधारण ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. २० चे ३ होतात. आकडा तसाच ठेवून प्रेडनिसोलोनऐवजी डेक्सामेथासोन घेतले तर डोस जवळजवळ सातपट होतो. डेक्सामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी 'हलकी' वाटते, ती याच गैरसमजातून.

पण आमच्या मते खरा फरक ताकदीत नाही, टिकण्यात आहे. प्रेडनिसोलोनचा परिणाम १२ ते ३६ तास राहतो, डेक्सामेथासोनचा ३६ ते ७२. म्हणून प्रेडनिसोलोन दिवसाआड सकाळी देता येते आणि मधल्या दिवशी अधिवृक्क ग्रंथीला (मूत्रपिंडावरची, शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवणारी ग्रंथी) औषधाच्या दाबातून उसंत मिळते. डेक्सामेथासोन ती उसंतच देत नाही. महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचारात ते सहसा टाळतात, ते यामुळेच.

गर्भारपणात वार (प्लॅसेंटा) प्रेडनिसोलोनचा बराचसा भाग निष्प्रभ करते, त्यामुळे आईच्या आजारासाठी ते सोयीचे. डेक्सामेथासोन बाळापर्यंत पोचते. अकाली प्रसूतीचा धोका असेल तर बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने १२-१२ तासांनी देतात.

२०२० मध्ये कोविडमुळे डेक्सामेथासोन घरोघरी माहीत झाले: रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागणाऱ्यांचे मृत्यू त्याने कमी झाले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही, आणि हा अर्धा भाग बरेच जण विसरले.

दोन्हींपैकी कोणतेही औषध तीन आठवड्यांहून जास्त घेतले असेल तर एकदम थांबवू नये. अधिवृक्क ग्रंथी तोवर सुस्तावलेली असते. थकवा, उलट्या, रक्तदाब कोसळणे असा प्रकार होतो. डोस डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे टप्प्याटप्प्यानेच उतरवायचा.