मॉडर्न शैलीची घरसजावट (सोलापूर)

मॉडर्न शैलीची घरसजावट म्हणजे घरातली प्रत्येक वस्तू तिच्या कामावरून ठरवायची, नक्षी आणि भरताड कमी ठेवायचं, रेषा सरळ, रंग मोजके, लाकूड-दगड-लोखंड जसं आहे तसंच दिसू द्यायचं आणि उजेड-वारा खेळेल एवढी जागा मोकळी सोडायची. सोलापुरात जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड इकडच्या नव्या फ्लॅट आणि रो-हाउसमध्ये ही शैली सर्रास मागितली जाते. पण दुकानात मॉडर्न म्हणून जे दाखवतात त्यात पीओपीचं थरावर थर चढवलेलं सीलिंग, त्यात निळी-जांभळी लाइटची पट्टी, टीव्हीमागं मार्बलसारखं दिसणारं प्लास्टिकचं पॅनेल असंच जास्त असतं, आणि यातलं जवळजवळ काहीच या शैलीत बसत नाही, कारण ते कुठल्या कामाला येत नाही आणि जे नाही ते असल्याचं दाखवतं.

शैली युरोपातली, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे आकाराला आलेली. जर्मनीत वायमार इथं १९१९ मध्ये वॉल्टर ग्रोपियस या आर्किटेक्टने बाउहाउस ही डिझाइनची शाळा काढली, १९२५ मध्ये ती डेसाउला गेली आणि १९३३ मध्ये नाझींच्या दबावाखाली बंद पडली, म्हणजे जेमतेम १४ वर्षं चालली, पण तिथं मार्सेल ब्रॉयरने वाकवलेल्या स्टीलच्या नळीची खुर्ची केली आणि आज कुठल्याही ऑफिसात जी नळीची खुर्ची दिसते तिचं घराणं तेच. हे सगळं श्रीमंतांच्या बंगल्यांपुरतं नव्हतं हे लोक विसरतात. युद्धानंतर घरांची टंचाई होती, लहान घरं स्वस्तात आणि भराभर बांधायची होती. फ्रँकफुर्टमध्ये १९२६ मध्ये मार्गारेटे शूटे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी अशा घरांसाठी साधारण १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं, बाईची पावलं मोजून, कमीत कमी चालून सगळं हाताशी येईल असं, आणि तशी सुमारे १०,००० किचन्स बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनचा उगम हाच. सोलापुरातही विडी कामगार बायकांसाठी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरं उभी राहिली, त्यामुळे लहान घर नीट कसं लावायचं हा प्रश्न इथं चांगलाच ओळखीचा आहे, आणि मला वाटतं या शैलीचं खरं गिऱ्हाईक तेच घर आहे, मोठा बंगला नंतर.

भारतात ही विचारसरणी स्वातंत्र्यानंतर रुजली. ल कॉर्बुझिए या स्विस-फ्रेंच आर्किटेक्टने चंदीगड आखलं, आणि अहमदाबादला गिरणीमालकांच्या संघासाठी १९५४ मध्ये जी इमारत पुरी केली तिच्यात पूर्व-पश्चिमेला काँक्रीटच्या खोल आडोशांची जाळी दिली, म्हणजे ऊन आत येत नाही पण वारा येतो. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला, त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते लोट्याचं, कारण तो धरायला, ओतायला, डोक्यावर-कमरेवर न्यायला सोपा आणि पिढ्यानपिढ्या घासून-पुसून नेमका झालेला. त्या अहवालातूनच पुढं १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली.

आता सोलापूर. इथं उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि तिथंच बरेच दिवस राहतो, त्यामुळे परदेशी फोटोतल्यासारखी जमिनीपासून छतापर्यंत काच पश्चिमेला लावली की दुपारी ३ नंतर हॉलमध्ये बसवत नाही आणि मग दिवसभर पडदे ओढून एसी लावायचा, म्हणजे काच लावून उपयोग काय. इथल्या जुन्या माळवदाच्या घरांत याचं उत्तर आधीच आहे: जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड छत, बाहेर खिडक्या कमी आणि लहान, उजेड चौकातून नाहीतर छतातल्या झरोक्यातून, आणि कपाटाऐवजी भिंतीतच देवळ्या, कोनाडे, फडताळ. भिंतीतलं कपाट जमिनीवरची जागा खात नाही, हीच गोष्ट मॉडर्न घरात बिल्ट-इन स्टोरेज म्हणून पैसे देऊन करून घेतात. नव्या घरात एवढं तरी करावं की मोठी खिडकी उत्तरेला, पश्चिमेला लहान खिडकी आणि तिच्यावर खोल छज्जा, गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा कोट, आणि फॉल्स सीलिंग शक्यतो नकोच. राहत्या खोलीची उंची कमीत कमी २.७५ मीटर हवी असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते, बरेच फ्लॅट त्याच्या आसपासच असतात, त्यात अजून ५-६ इंच सीलिंग खाली आणलं की पंखाही खाली येतो, आणि इकडं पंख्याशिवाय कोणाचंच भागत नाही.

फरशीच्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहे. कर्नाटकातलं शहाबाद इथून लांब नाही, त्यामुळे शहाबादी फरशी पिढ्यानपिढ्या घरोघर आहे, करड्या-निळसर रंगाची, पायाला गार, आणि पॉलिश करून घट्ट सांधे दिले तर या शैलीला तिच्यापेक्षा जास्त शोभणारं काही मिळणार नाही. तिला लाजून वरून चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल बसवणं हा मला खरंच तोटा वाटतो. फक्त शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीचे दगड, त्यामुळे लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं की डाग उठतो आणि बाथरूमचं ॲसिड लागलं तर दगडाचं पॉलिशच जातं, म्हणून वर सीलर (दगडात डाग मुरू न देणारा थर) मारायचा आणि पुसायला साधा सौम्य साबण. जुन्या घरात ठिपक्याठिपक्यांची मोझॅक फरशी असेल तर ती फोडायच्या आधी एकदा पॉलिशवाल्याला दाखवा, घासली की नव्यासारखी होते आणि ती फरशी मुळात याच शैलीच्या काळातली.

कापडाबद्दल जरा जास्त लिहायला हवं. मॉडर्न खोलीत भिंती साध्या, फर्निचर साधं, मग ऊब आणि नक्षी येते ती विणलेल्या कापडातून. बाउहाउसमध्ये सगळ्यात यशस्वी विभागांपैकी एक विणकामाचा होता, १९२७ पासून तो गुंटा श्टोल्झलने सांभाळला, आणि तिथंच शिकलेल्या अ‍ॅनी आल्बर्सने जर्मनीतल्याच बर्नाउच्या एका सभागृहासाठी असं भिंतीचं कापड विणलं की पुढची बाजू उजेड परतवते आणि मागची बाजू आवाज शोषते. म्हणजे कापड तिथं शोभेपुरतं नव्हतं, त्याला काम होतं. सोलापूर तर मागाचंच गाव, इथल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेलं, जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलेली सुती चादर जाड, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी, आणि तिच्यावरचे चौकोन, पायऱ्या, पट्टे हे सगळे सरळ रेषेतलेच आकार. तीच चादर बेडवर, दिवाणावर नाहीतर एका मोकळ्या भिंतीवर ताणून लावली की खोलीत दुसरं काही लावायची गरज राहत नाही. शहराच्या पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, पद्मशाली समाजाचे विणकर हातमागावर वॉल हँगिंग विणतात तेही एकच मोठं लावावं, पाच लहान लावले की भिंत परत गजबजते. रंग निवडताना भिंत ऑफ-व्हाइट किंवा फिकट करडी ठेवून चादरीतलाच एखादा रंग, मरून किंवा गडद निळा, उशीच्या खोळीला नाहीतर एका खुर्चीला घेतला तर सगळं आपोआप जुळतं.

पूर्व भागातल्या ज्या घरांना लागूनच माग चालतो तिथं कापसाची तूस सतत उडते, आणि बाकी शहरात धूळ आहेच, म्हणून उघडे शेल्फ फोटोत छान दिसले तरी इथं बंद शटरच बरे. सोफा, कपाट, बेड शक्यतो ५-६ इंच उंच पायांवर, म्हणजे खालून झाडू आणि पोछा दोन्ही फिरतात. बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर काळे मॅट नळ लावू नयेत, आठवड्यात पांढरे डाग.

किचनमध्ये ओटा साधारण ३४ इंचावर ठरलेला असतो, पण भाकरी थापायला तो उंच पडतो, खांदे दुखतात, म्हणून ज्यांच्याकडं रोज ज्वारीची भाकरी होते त्यांनी ओट्याचा दोनेक फूट तुकडा ३० इंचाच्या आसपास खाली घ्यावा, सुतार नाही म्हणाला तरी आग्रह धरावा. शेंगाचटणी कुटायला खलबत्ता ओट्यावर आपटू नये, कडप्पा तडकतो, त्याची जागा जमिनीवरच. सिंकखाली आणि ओल्या बाजूला एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) अजिबात नको, पाणी लागलं की फुगतं, तिथं बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या ग्रेडचं प्लायवूड. आणि नळाला रोज पाणी येत नाही हे डिझाइनमध्येच धरायचं, ड्रम आणि पिंपं नंतर बाल्कनीत कोंबण्यापेक्षा आधीच वर-खाली टाक्या आणि किचनमध्ये पिण्याच्या पाण्याची ठरलेली जागा काढावी. महालक्ष्म्या बसतात त्या घरात एक भिंत फर्निचरशिवाय मोकळी लागते, बाकी वर्षभर ती मोकळीच छान दिसते.

लाइट पिवळसर, ३००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप, बल्बच्या खोक्यावर असतं) आसपास, एकच झगझगीत ट्यूब लावण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी विभागून, ओट्यावर मात्र पांढरा ४००० चा. भाड्याच्या घरात भिंत-फरशी आपल्या हातात नसते, तिथं आधी नको ते सामान काढायचं, मग दिवे बदलायचे, मग पडदे एका रंगात आणायचे आणि शेवटी जमलं तर एक चांगली खुर्ची घ्यायची, या क्रमाने केलं तर खर्चही आटोक्यात राहतो आणि घर बदललं तरी सगळं सोबत नेता येतं.