‘बरोबरी म्हणजे आधीच ठरलेलं’ हा गैरसमज

जागतिक बुद्धिबळ लढतीत सलग डाव बरोबरीत सुटले की ‘दोघं जिंकायला खेळतच नाहीत’ असं हमखास ऐकू येतं. 2018 ची लंडनमधली विश्वविजेता मॅग्नस कार्लसन आणि आव्हानवीर फाबियानो कारुआना यांची लढत त्यासाठी नेहमी पुढे केली जाते. क्लासिकलचे (म्हणजे विचाराला भरपूर वेळ असलेले) बाराही डाव बरोबरीत, हे खरंच. पण पहिलाच डाव 115 चालींचा होता! सहाव्यात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कारुआनाला 68व्या चालीला उंट एच4 या घरात नेऊन जिंकता येत होतं. मात्र त्यासाठी पुढे आपलाच घोडा जी1 या घरात स्वतःहून कोंडून घ्यावा लागला असता! संगणकाला दिसलं, पटावर बसलेल्या माणसाला कसं सुचावं? कार्लसन वाचला आणि शेवटी बरोबरी फोडण्यासाठीच्या कमी वेळेच्या जलद डावांत 3-0 ने जिंकला.