गोव्याच्या दमट हवेत घडणारी इलेक्ट्रिक गिटार

साध्या गिटारमध्ये तारेचे कंपन लाकडाच्या पातळ फळीपर्यंत पोहोचते आणि ती फळी हवा हलवते. इलेक्ट्रिक गिटार बहुधा भरीव असते; तिच्यात पिकअप नावाचा भाग थेट तारेची हालचाल टिपतो. त्यात चुंबकाभोवती सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. वर ताणलेली पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्यात स्वतःही चुंबकित होते आणि ती थरथरू लागली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होऊन त्यात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच.

मग लाकूड कशासाठी? गिटारवादकांमध्ये या प्रश्नावर हिरिरीने वाद होतात. १९३०च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज बीचम यांनी रचलेली, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची रिकेनबॅकर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार चक्क ओतीव ॲल्युमिनियमची होती आणि ती उत्तम वाजत असे. लाकूड तारेची ऊर्जा किती लवकर शोषून घेते यावर नाद किती टिकतो हे काही अंशी ठरते, हे खरे. तरीही वेढ्यांची संख्या, पिकअप आणि तार यांतील अंतर, इतकेच काय, जोडलेल्या केबलची विद्युत धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) यांनी आवाजात पडणारा फरक माझ्या मते त्याहून मोठा असतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये लाकडाचे पहिले काम जागच्या जागी राहणे हे आहे, आणि गोव्यात नेमके तेच अवघड आहे.

सितारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, त्यामुळे वादक ते रागानुसार सरकवू शकतो. गिटारचे फ्रेट, म्हणजे धातूचे पडदे, मात्र नेकवरच्या (गिटारच्या लांब मानेवरच्या) फळीत, म्हणजे फ्रेटबोर्डमध्ये, खाचा कापून ठोकलेले असतात. तारेची कंपित लांबी ६४८ मिलिमीटर धरली, तर प्रत्येक फ्रेटपाशी उरलेल्या लांबीला दोनच्या बाराव्या मुळाने, म्हणजे सुमारे १.०५९४६ ने भागायचे. तारेच्या वरच्या टोकापासून मोजले, तर पहिला फ्रेट ३६.४ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी सोळाव्या शतकात यासाठी १८:१७ हे सोपे गुणोत्तर सुचवले होते. त्या हिशेबाने बारावा फ्रेट सुमारे २.४ मिलिमीटर अलीकडे पडतो आणि सूर किंचित उतरतो. गंमत अशी, की बोटाने दाबलेली तार ताणली जाऊन सूर किंचित चढतो, त्यामुळे ही चूक काही प्रमाणात आपोआप भरून निघते. आज तीच दुरुस्ती खालच्या टोकाच्या ब्रिजवरचे, तारेला टेकू देणारे सॅडल मागेपुढे करून साधतात. बाराव्या फ्रेटची जागा ०.२ मिलिमीटरने चुकली, तर सूर अर्धस्वराच्या शंभराव्या भागाएवढा हलतो; बाविसाव्या फ्रेटला तीच चूक जवळजवळ दुप्पट भोवते.

खाचा अचूक कापल्या तरी लाकूड हवेतील बाष्पाशी समतोल साधतच राहते. फोंड्यात किंवा डिचोलीत घरामागच्या पडवीत कार्यशाळा असेल आणि जुलैमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली असेल, तर तेथे पडून राहिलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १७ टक्के पाणी असते. त्या लाकडाची गिटार युरोपात हिवाळ्यात तापवलेल्या खोलीत गेली, की हे प्रमाण हळूहळू सातच्या आसपास उतरते. लाकूड लांबीत जेमतेम आकसते, त्यामुळे फ्रेटमधील अंतरांचा हिशेब शाबूत राहतो. रुंदीत मात्र ५६ मिलिमीटरचा शिसवी फ्रेटबोर्ड सुमारे एक मिलिमीटरने कमी होऊ शकतो. धातूचे फ्रेट आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोके दोन्ही कडांना बाहेर येतात आणि वादकाच्या हाताला बोचतात. फळी अशी कापली, की टोकाकडून पाहताना वाढीची वलये उभी दिसावीत, तर हे आकसणे निम्म्यावर येते. अशा फळ्या कमी निघतात आणि लाकूड वाया जाते, पण नेकसाठी मी दुसरी फळी सुचवणार नाही.

लाकूड कोणत्या झाडाचे, हा प्रश्न त्यानंतरचा. सागवान कमी आकसते, पण त्यातील नैसर्गिक तेलामुळे गोंद लावण्यापूर्वी जोडाची जागा द्रावकाने पुसून घ्यावी लागते. सह्याद्रीतल्या ऐन या झाडाचे लाकूड ‘इंडियन लॉरेल’ या नावाने कारखान्यांत बनणाऱ्या गिटारींच्या फ्रेटबोर्डवर अलीकडे दिसू लागले आहे.

दमटपणावर व्यवहारी उपाय म्हणजे एक लहान बंद खोली, त्यात हवेतील बाष्प काढून घेणारे डिह्युमिडिफायर यंत्र आणि भिंतीवर आर्द्रतामापक. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, चारही बाजूंनी हवा खेळेल अशा बेताने त्या ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत मुरू द्यायच्या आणि वजन स्थिरावल्यावरच खाचा कापायच्या. पावसाळ्यात वीज गेली, की खोली बाहेरच्या हवेच्या वळणावर जाऊ लागते, म्हणून ती लहान आणि घट्ट दारांची असलेली बरी. नेकमध्ये पोलादी ट्रस रॉडही हवाच, कारण सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ४५ किलोग्रॅम वजनाइतका असतो. हा रॉड नेकचा बाक सुधारतो. फ्रेटची बाहेर आलेली टोके त्याने आत जात नाहीत.

लॅकरचे, म्हणजे लाकडावर फवारायच्या चकचकीत लेपाचे, शास्त्रही हवेशीच जोडलेले आहे. फवारलेल्या लॅकरमधील थिनर (ते पातळ करणारा द्रावक) झपाट्याने उडते, पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतील बाष्प त्यावर साचून पांढरट झाक उरते. उडण्याचा वेग कमी करणारे रिटार्डर मिसळून ती टाळता येते, पण मुसळधार पावसाच्या दिवशी फवारणीच न करणे उत्तम. जवसाच्या तेलाला हा त्रास नाही, कारण ते ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते. मात्र बाष्प अडवण्यात ते लॅकरपेक्षा कमी पडते. लॅकरही बाष्पाची ये-जा मंदावते, थांबवत नाही. म्हणून गिऱ्हाईक कोठे राहते हे छोट्या कार्यशाळेने लाकूड निवडण्याआधीच विचारावे: गिटार पणजीतच राहणार असेल, तर तेल चालेल आणि खोलीतील आर्द्रता थोडी वर ठेवता येईल, कॅनडाला जाणार असेल, तर उभ्या वलयांची फळी, लॅकर आणि फ्रेटची टोके कडेपासून थोडी आत ठेवून खाचेचे तोंड लाकडाच्या भुशाने आणि गोंदाने बुजवणे, एवढे तरी करावेच लागेल.