फॉरमॅट मारूनही न हलणारा ६३

लातूर, बीड, नांदेडकडच्या फोटो स्टुडिओत, सेतू केंद्रात, आडतीच्या दुकानात एखादा जुना कॉम्प्युटर अजून हिशेब सांभाळत असतो. कधीतरी त्याची डिस्क बदलून नवी टाकतात आणि जुनी विंडोज एक्सपी, सगळ्या फाइलींसकट, जशीच्या तशी तिच्यावर क्लोन करतात. मग नवी डिस्क जुनीपेक्षाही रेंगाळायला लागते. एरर येत नाही, आवाज येत नाही, तपासणीत डिस्क ठणठणीत निघते. रॅम वाढते, अँटिव्हायरस बदलतो, शेवटी फॉरमॅट मारला जातो. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा विंडोजसाठी आखलेला भाग, डिस्कवर नेमकं कुठून सुरू होतं, हे मात्र कुणी बघत नाही.

डिस्कवरची माहिती सेक्टरमध्ये लिहिली जाते. कित्येक वर्षं एक सेक्टर ५१२ बाइटचा होता. प्रत्येक सेक्टरला चुका दुरुस्त करणारे जादा बाइट आणि मध्ये थोडी फट लागते, म्हणून सेक्टर जितका छोटा तितकी जागा वाया. त्यामुळे कंपन्यांनी ४०९६ बाइटचा सेक्टर आणला आणि २०११ च्या सुमारास तो सर्रास झाला. जुन्या सॉफ्टवेअरची अडचण होऊ नये म्हणून यातल्या बहुतेक डिस्क बाहेरून ५१२ चेच सेक्टर दाखवतात. आत मात्र तसे आठ मिळून एक खरा सेक्टर असतो.

एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू करत असे. एका ट्रॅकवर, म्हणजे तबकडीवरच्या एका गोल पट्ट्यावर, ६३ सेक्टर धरायचे आणि पहिला ट्रॅक बूटसाठी (मशीन सुरू करण्यासाठी) सोडायचा, ही त्यामागची जुनी गणती. क्लोन करताना हीच सुरुवात नव्या डिस्कवर येते, पण ६३ ला ८ ने भाग जात नाही. विंडोजची एनटीएफएस, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, सहसा ४०९६ बाइटचा क्लस्टर (एकावेळी वापरायचा तुकडा) वापरते. सुरुवातच चुकल्यामुळे प्रत्येक क्लस्टरचा एक अष्टमांश एका खऱ्या सेक्टरात आणि सात अष्टमांश पुढच्यात पडतात. दोन गटांच्या हद्दीवर घर बांधलं की दर नोंदीला दोन सातबारे काढावे लागतात, तशी गत होते.

वाचताना याचा त्रास कमी होतो, खरा फटका लिहिताना बसतो. खरा सेक्टर अर्धवट लिहिता येत नाही. आधी दोन्ही सेक्टर वाचायचे, हवा तेवढा भाग बदलायचा, मग तबकडीची एक फेरी पूर्ण होऊन तीच जागा पुन्हा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडखाली आली की लिहायचं. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कवर एक फेरी म्हणजे ८.३ मिलिसेकंद, ५४०० च्या डिस्कवर ११.१. लग्नाचा मोठा व्हिडिओ सलग कॉपी करताना हे फारसं जाणवणार नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र सतत छोट्या छोट्या नोंदी लिहीत असतं, आणि तिथेच मशीन अडखळतं.

एवढ्याने हार्ड डिस्क लवकर मरते, असं मी म्हणणार नाही. तिला काम जास्त पडतं, इतकंच खात्रीने सांगता येतं. मला जास्त काळजी विजेची वाटते. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि नेमकी लिहिताना गेली तर त्याच खऱ्या सेक्टरातला, आपण हातही न लावलेला शेजारचा डेटाही खराब होऊ शकतो. फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर माहिती ठेवणाऱ्या एसएसडीचं गणित वेगळं. तिच्या पेशी ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येतात. चुकीच्या सुरुवातीमुळे एकाच्या जागी दोन पानं (पेशींचे एकत्र लिहिले जाणारे गट) लिहावी लागली, तर तेवढं आयुष्य खरोखर खर्ची पडतं.

फॉरमॅट मारून हे सुटत नाही, कारण त्याने पार्टिशनच्या आतलं पुसलं जातं, सुरुवात आहे तिथेच राहते. जुन्या पार्टिशनवर नवी विंडोज चढवली तरी तेच. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजने नवं पार्टिशन केलं तर ते १ एमबीवर, म्हणजे २०४८ व्या सेक्टरवर सुरू होतं आणि हा प्रश्नच उरत नाही.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा, कंपोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स असं जा आणि ‘पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट’ बघा. त्या आकड्याला ४०९६ ने पूर्ण भाग गेला पाहिजे. १०,४८,५७६ ला जातो, ३२,२५६ ला जात नाही. लिनक्सवर एफडिस्क ही कमांड सुरुवातीचा सेक्टर दाखवते, त्याला ८ ने भागा.

चूक निघाली तर बॅकअप घेऊन पार्टिशन काढून टाका आणि नव्याने करा. जीपार्टेडसारख्या साधनाने पार्टिशन आहे तसं सरकवताही येतं. त्याला कित्येक तास लागू शकतात आणि मध्येच वीज गेली तर सगळा डेटा जाऊ शकतो, म्हणून तेव्हाही बॅकअप आधीच घ्या आणि यूपीएसच्या भरवशावर राहू नका.